फॉकर आइनडेकर: लंडनमधला उघडा सांगाडा

साउथ केन्सिंग्टनच्या सायन्स म्युझियममध्ये विमानांचं दालन तिसऱ्या मजल्यावर आहे. गर्दी स्पिटफायर आणि व्हिकर्स व्हिमीपाशी असते, त्यामुळे फॉकर ई.३, म्हणजे पहिल्या महायुद्धातलं एकपंखी जर्मन लढाऊ विमान (जर्मनमध्ये 'आइनडेकर'), निवांत बघता येतं. क्रमांक २१०/१६. जगात शिल्लक असलेलं हे एकमेव अस्सल आइनडेकर, आणि त्याच्यावर कापड नाही. माझ्या मते हीच पर्वणी. रंगवलेल्या कापडाखाली यातलं निम्मं कळलंच नसतं.

मी आधी विमानाचं धड, म्हणजे मधला सांगाडा, बघितलं. अँथनी फॉकरने जर्मनीतल्या श्वेरिनच्या कारखान्यात याचं पूर्वरूप एम.५ बनवलं, तेव्हा नमुना होता फ्रेंच मोरान-सोल्निए एच. पण मोरानचं धड लाकडी, तर इथे पोलादी नळ्या वेल्ड केलेल्या. प्रत्येक चौकोन तिरप्या तारांनी ताणलेला. तारा सैल पडल्या की धड पिळवटतं, म्हणून ताण सतत तपासावा लागे.

पंख लाकडी, आणि त्यांना एलेरॉन (विमान कलंडवणाऱ्या कडेच्या झडपा) नाहीत. पुढची तुळई तारांनी पक्की बांधलेली, मागची मात्र तारांनी खाली-वर ओढायची. म्हणजे वळवायला अख्खा पंखच पिळायचा. पायलटचा हात भरून येई आणि विमान सावकाश कलंडे. शेपटीकडे उलटा प्रकार: स्थिर भाग मुळीच नाही, रडर (डावी-उजवीकडे वळवणारा) आणि एलेव्हेटर (नाक खाली-वर करणारा) पूर्णच्या पूर्ण हलणारे. काठी जरा हलली की नाक खाली-वर. नवशिक्यांना हे जड जाई, यात नवल नाही.

नाकाशी ओबरउर्सेल यू.१ इंजिन, नऊ सिलिंडर, १०० अश्वशक्ती. मधला दांडा (क्रँकशाफ्ट) स्थिर, सिलिंडरच प्रोपेलरसोबत फिरतात. वंगणाला एरंडेल, कारण ते पेट्रोलमध्ये सहज विरघळत नाही. मुख्य टाकी पायलटच्या पाठीमागे. तिथलं पेट्रोल हातपंपाने पुढच्या छोट्या टाकीत चढवायचं, तासाला आठेक वेळा. लढता लढता हाही उद्योग!

आता खरा मुद्दा. उड्डाणाच्या हिशोबाने हे विमान बेताचंच होतं, ताशी १४० किलोमीटर. दरारा होता तो फिरत्या प्रोपेलरमधून समोर मारणाऱ्या बंदुकीचा. एप्रिल १९१५ मध्ये फ्रेंच वैमानिक रोलाँ गारोसने प्रोपेलरच्या पात्यांवर पोलादी पाचरी बसवून त्यातून मशीनगन चालवली. महिना संपायच्या आत तो विमानासकट जर्मनांच्या हाती लागला. तीच युक्ती उचलावी, तर पोलादी आवरणाच्या जर्मन गोळ्यांपुढे पाचरी टिकेनात.

फॉकरच्या माणसांनी, बहुधा हाइनरिख ल्युबेच्या डोक्याने, वेगळी वाट धरली. इंजिनसोबत फिरणारा एक कॅम (उंचवटा असलेली चकती), त्यावर टेकून खाली-वर होणारा अनुगामी, तिथून बंदुकीच्या घोड्यापर्यंत एक दांडा: हाच सिंक्रोनायझर. पायलटने खटका दाबला की अनुगामी कॅमवर टेकतो. कॅमचा उंचवटा पातं नळीसमोर नसतानाच येतो; तो आला की दांडा ढकलला जातो आणि गोळी सुटते. म्हणजे खटका गोळी झाडत नाही, फक्त परवानगी देतो. मिनिटाला १२०० फेरे आणि दोन पाती धरली, तर नळीसमोरून सेकंदाला ४० वेळा पातं जातं. सांध्यांत थोडी ढिलाई आली किंवा काडतूस क्षणभर उशिरा पेटलं, की भोक स्वतःच्याच पात्याला.

जर्मन पायलट कुर्ट विंटगेन्सने १ जुलै १९१५ रोजी या बंदुकीने पहिलं विमान पाडलं. यंत्रणा शत्रूच्या हाती पडू नये म्हणून या विमानांना सुरुवातीला शत्रूच्या हद्दीत जायला मनाई होती. पण ८ एप्रिल १९१६ रोजी एका नवख्या पायलटने धुरकट हवेत वाट चुकून फ्रान्समधल्या सेंत-ओमेरजवळच्या ब्रिटिश तळावर विमान उतरवलं. तेच हे २१०/१६. ब्रिटिशांनी ते फ्रेंच मोरान एन वगैरे विमानांच्या शेजारी उडवून पाहिलं, आणि कामगिरीत विशेष काहीच निघालं नाही. त्या वसंतात ब्रिटिश डीएच.२ आणि फ्रेंच न्यूपोर ११ ही लढाऊ विमानं आल्यावर आइनडेकरचे दिवस भरलेच.

फॉकरने मग ई.४ काढलं: चौदा सिलिंडरचं १६० अश्वशक्तीचं इंजिन आणि दोन बंदुका. पण जड नाकाने ते आणखी अवघड झालं आणि थोडीच बनली. नामवंत जर्मन लढाऊ पायलट माक्स इमेलमान १८ जून १९१६ रोजी मेला तो ई.३ मध्येच. आपण त्याला पाडलं, असं ब्रिटिशांचं म्हणणं. जर्मन मात्र म्हणत राहिले, की सिंक्रोनायझर बिघडला, त्याच्या गोळ्यांनी स्वतःचाच प्रोपेलर तुटला आणि हादऱ्याने विमान मोडलं.