खारी आमच्या थेरपी रूममध्ये कशी आली (माझा अनुभव)

मी साताऱ्यात ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे रोजची कामं स्वतःची स्वतःला करता यावीत म्हणून व्यायाम आणि सराव करून घेते, लहान मुलांबरोबर काम करते. सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्यामुळे हालचालींवर नीट ताबा नसणं), ऑटिझम, उशिरा चालणारी-बोलणारी मुलं, अशी दिवसाला दहा-बारा मुलं येतात. गेली ४ वर्षं त्यातल्या काही मुलांच्या सेशनला आमच्याबरोबर खारी असते. खारी म्हणजे आमची गावठी कुत्री, रंग अगदी खारी बिस्किटासारखा, म्हणून खारी. तिला बघून बरेच पालक आणि काही थेरपिस्ट मैत्रिणी विचारतात की आम्हीपण आमचा कुत्रा आणला तर चालेल का, आणि मला दर वेळी सांगावं लागतं की थांबा, आधी सगळं ऐकून घ्या. पहिला विचार डोक्यात आल्यापासून पहिलं सेशन होईपर्यंत आम्हाला दीड वर्ष लागलं.

सुरुवात एका मुलाने झाली. तेव्हा ७ वर्षांचा होता, नाव लिहीत नाही. डावी बाजू कमजोर, डावा हात कायम छातीशी मुडपून धरलेला. पेग बोर्ड (भोकांच्या पाटीत खुंट्या बसवणं), मणी ओवणं, पुट्टी मळणं सगळं करून झालं होतं. उजव्या हाताने तो सगळं पटापट उरकायचा आणि डावा हात मागितला की रडारड. एक दिवस घरी रंगकाम चाललं होतं म्हणून मी आमच्या ब्रूनोला, म्हणजे आमच्या लॅब्रेडॉरला, क्लिनिकच्या मागच्या खोलीत आणून ठेवलं होतं, दार कसं उघडलं कोण जाणे, तो बाहेर आला आणि हा मुलगा खाली बसला आणि त्याने दोन्ही हात ब्रूनोच्या मानेवर ठेवले. दोन्ही. मी आणि त्याची आई एकमेकींकडे बघतच राहिलो, कारण आठ महिन्यांत जे मी मागून मिळालं नव्हतं ते त्याने न मागता दिलं होतं.

त्या रात्री मी वाचायला बसले. बोरिस लेव्हिन्सन म्हणून अमेरिकेत एक बाल-मानसशास्त्रज्ञ होते, त्यांच्याकडेही असंच घडलं होतं. न बोलणारा एक मुलगा वेळेआधी आला आणि त्यांचा कुत्रा जिंगल्स खोलीत होता, मुलगा त्याच्याशी खेळायला लागला आणि तिथून उपचारांना वाट मिळाली. १९६२ मध्ये त्यांनी त्यावर लेख लिहिला, कुत्रा हा सह-थेरपिस्ट असू शकतो असं म्हटलं. तेव्हा लोकांनी त्यांची चेष्टा केली होती. आपल्याकडेही हे अगदी नवीन नाही, मुंबई-पुण्यात अ‍ॅनिमल एंजल्स फाउंडेशन बरीच वर्षं हे काम करतंय, आणि मुंबई एअरपोर्टवर थेरपी डॉग्ज लोकांना भेटतात ते तर अनेकांनी पाहिलं असेल. पण एअरपोर्टवरची भेट आणि थेरपी यात फरक आहे हे मला वाचल्यावर कळलं. भेटीत माणसाला बरं वाटावं एवढंच असतं आणि तेही खूप मोलाचं आहे. थेरपी म्हणजे त्या विषयाचं शिक्षण घेतलेला माणूस हवा, त्या मुलासाठी ठरवलेलं ध्येय हवं, आणि दर सेशनची लेखी नोंद हवी. कुत्रा आहे म्हणून ती थेरपी होत नाही.

आता लायसन्सचं. महापालिका-नगरपालिकेचं कुत्रा पाळायचं लायसन्स वेगळं, पण थेरपी डॉगसाठी आपल्याकडे वेगळं सरकारी सर्टिफिकेट असं काही नाही, त्यामुळे कोणीही पट्ट्यावर थेरपी डॉग असं लिहून फिरू शकतो आणि म्हणूनच आपण स्वतःवर जास्त कडक राहायला हवं असं माझं स्पष्ट मत आहे. मी अमेरिकेतल्या पेट पार्टनर्स संस्थेचे नियम डोळ्यासमोर ठेवले. कुत्रा किमान १ वर्षाचा हवा, कच्चं मांस खाणारा चालत नाही कारण त्यातून जंतू पसरतात, दिवसाला २ तासांपेक्षा जास्त काम नाही, आणि दर २ वर्षांनी परत तपासणी. गळा आवळणारे किंवा काटेरी पट्टे तर अजिबात नाहीत.

पुण्यात एक जाणकार ट्रेनर बाई भेटल्या, त्या स्वभावाची तपासणी पण करायच्या. दर शनिवारी मी आणि ब्रूनो सातारा-पुणे. जाताना खंबाटकीच्या बोगद्यातून पटकन निघायचो, येताना घाटाच्या वळणांवर त्याला उलटी व्हायची, मग खाली उतरून पाणी पाजून परत निघायचं. असं ४ महिने केलं. बस, झोप, थांब, सोड, सगळं त्याला यायला लागलं होतं, मला खात्री होती की तो पास होणार.

तपासणीच्या दिवशी त्यांनी त्याच्यामागे स्टीलचं ताट पाडलं, तो नुसता वळून बघून परत बसला. दोन माणसं मोठमोठ्याने भांडल्यासारखं बोलली, ठीक. एका अनोळखी बाईने त्याला घट्ट मिठी मारली, तिथे त्याने तोंड फिरवलं, ओठ चाटले, डोळ्यांचा पांढरा भाग दिसायला लागला, या सगळ्या कुत्रा अस्वस्थ असल्याच्या खुणा. मग एक माणूस वॉकर, म्हणजे चालताना आधाराला धरायची चौकट, घेऊन झोकांड्या खात त्याच्याकडे आला आणि ब्रूनो माझ्या पायांमागे जाऊन थरथरायला लागला. बाईंनी तिथेच थांबवलं. म्हणाल्या, "ताई, हा घरचा लाडका आहे. याला नोकरीला लावू नका."

मला फार वाईट वाटलं. येताना गाडीत मी रडले, खोटं कशाला सांगू. माझ्याशी इतका प्रेमळ आहे, त्या मुलाने त्याला हात लावलेला मी डोळ्यांनी पाहिला होता, मग तो नापास कसा. बाईंनी फोनवर अर्धा तास समजावलं की घरच्यांवर जीव टाकणं वेगळं आणि अनोळखी, वेडावाकडा हलणारा, अचानक किंचाळणारा माणूस जवळ आला तरी मनातून शांत राहणं वेगळं. त्या दिवशी तो त्या मुलाजवळ शांत बसला तो एक योगायोग होता, रोज त्याच्याकडून ते मागणं म्हणजे त्याला रोज घाबरवणं. ब्रूनोची ती वाट मी तिथेच सोडली.

खारी तेव्हा ८ महिन्यांची होती. पावसाळ्यात आमच्या गेटपाशी सापडलेलं पिल्लू, तिच्याकडे या नजरेने मी कधी बघितलंच नव्हतं कारण डोक्यात लॅब्रेडॉर, गोल्डन रिट्रीव्हर हेच बसलेलं. बाईच म्हणाल्या तिला घेऊन या. खारी गेली, वॉकरवाल्या माणसाकडे स्वतः चालत गेली, त्याच्या बुटाचा वास घेतला आणि त्याच्या पायाशी बसली. मग तिचं १ वर्ष पूर्ण होईपर्यंत थांबलो, नसबंदी केली, रेबीजची आणि बाकीची लस, दर ३ महिन्यांनी जंताचं औषध, गोचिडांसाठी औषध, नखं, आंघोळ, सगळ्याची फाइल केली. ही फाइल आजही टेबलावर असते, कोणीही पालक उघडून बघू शकतात.

अजून एक गोष्ट जी मला आधी कळली नव्हती. थेरपिस्ट एकटी हे करू शकत नाही. माझं लक्ष मुलाच्या हाताकडे, मानेकडे, बसण्याकडे असणार, मग कुत्र्याकडे कोण बघणार? त्यासाठी वेगळा हँडलर, म्हणजे फक्त कुत्र्याला सांभाळणारा माणूस, लागतो. माझी धाकटी नणंद तयार झाली, तिनेच पुण्याला जाऊन खारीबरोबर सगळं ट्रेनिंग घेतलं आणि खरं सांगायचं तर आज खारीला ती माझ्यापेक्षा चांगली ओळखते.

सगळ्यात अवघड भाग पालकांचा, आणि त्यात त्यांची काहीही चूक नाही. आपल्याकडे कुत्रा म्हटलं की आधी चावा आणि इंजेक्शनं आठवतात, रेबीज एकदा झाला की माणूस वाचत नाही हे सगळ्यांना माहीत असतं, ती भीती खरी आहे. एका मुलीला लहानपणी गल्लीतल्या कुत्र्याने पिंडरीला धरलं होतं, तिच्या आईने मला सरळ सांगितलं, मॅडम, कुत्रा असेल तर आम्ही येणार नाही. मी म्हटलं बरोबर आहे, तुमच्या दिवशी खारी येणारच नाही. एका घरात कुत्र्याची लाळ लागलेली चालत नाही, त्यांचा दिवसही वेगळा ठेवला, आदल्या संध्याकाळी खोली पुसून घेतो, चटईसुद्धा वेगळी. जे हो म्हणतात त्यांच्याकडून लेखी संमती घेते, अ‍ॅलर्जी-दमा विचारते, आधी खारीचा फोटो, मग व्हिडिओ, मग ती दारात आणि मूल खोलीच्या दुसऱ्या टोकाला. किती जवळ यायचं ते मूल ठरवणार. सेशन झालं की साबणाने हात धुवायचे, त्याशिवाय घरी जायचं नाही.

तो पहिला मुलगा खारीबरोबर सुरू झाला तेव्हा साडेआठ वर्षांचा होता. त्याचं ध्येय मी लिहिलं होतं, २० मिनिटांत डावा हात आपणहून किती वेळा वापरतो ते मोजायचं. पहिल्या सेशनला ३ वेळा. ब्रश उजव्या हातात आणि डावा हात खारीच्या पाठीवर टेकवायचा, एवढंच काम. मग डाव्या हाताने खाऊचे दाणे वाटीत टाकायचे. मग तिचा पट्टा. तो प्लास्टिकच्या क्लिपचा पट्टा असतो ना, दोन्ही बाजूंनी दाबला की सुटतो, तो एका हाताने धरून दुसऱ्या हाताने दाबावा लागतो. तो डाव्या हाताचा अंगठा क्लिपवर ठेवायचा, अंगठा घसरायचा, परत ठेवायचा, कपाळावर घाम, आणि खारी हनुवटी त्याच्या मांडीवर टेकून नुसती बसलेली. तिला कुठे घाई होती. मी काही बोलत नव्हते, त्याची आई पण नाही. अकराव्या की बाराव्या सेशनला ती क्लिप कट्‌ करून उघडली. त्याने ती लगेच परत लावली आणि परत उघडली, असं सहा-सात वेळा केलं. त्या दिवशीच्या नोंदीत १७ लिहिलंय.

सगळ्याच मुलांना असा उपयोग होत नाही हेही सांगते. दोन मुलांना खारीमुळे इतका उत्साह चढायचा की मूळ व्यायाम राहूनच जायचा, त्यांच्यासाठी बंद केलं. एकाला तिच्यात काही रसच नव्हता, त्याला झोपाळा आवडतो, मग झोपाळा.

आणि एक दिवस असा आला की ज्याचा मला अजून त्रास होतो. सकाळी नणंद म्हणाली, "वहिनी, आज खारीला नको नेऊया, हिचं काहीतरी बिनसलंय." खारीने अर्धं जेवण ठेवलं होतं, बाकी काही दिसत नव्हतं. मी म्हटलं अगं वाईहून लोक येतायत मुलाला घेऊन, एकच सेशन आहे, जाऊया. सेशनमध्ये मूल ओरडायला लागलं, खारीने एकदा जांभई दिली, ओठ चाटले, उठून दाराकडे तोंड करून बसली. नणंदेने माझ्याकडे बघितलं. मी हाताने खूण केली, दोनच मिनिटं. मग खारी टेबलाखाली शिरली आणि बाहेर येईना. ती गुरगुरली नाही, चावली नाही, पण ती सांगत होती आणि मी ऐकत नव्हते. हीच खूण मला ब्रूनोच्या वेळी शिकवली होती. संध्याकाळी ताप निघाला, रक्त तपासलं तर प्लेटलेट कमी, टिक फिव्हर, म्हणजे गोचिडांमुळे होणारा ताप. गोचिडांचं औषध वेळेवर देऊनसुद्धा झाला. डॉक्सिसायक्लिनचा २८ दिवसांचा कोर्स आणि पुढे महिनाभर आराम.

मी त्या वाईच्या पालकांना फोन करून जे झालं ते तसंच सांगितलं आणि माफी मागितली. तेव्हापासून आमच्याकडे नियम असा की खारीबद्दल शेवटचा शब्द नणंदेचा. ती नाही म्हणाली तर नाही, मग समोर कोणीही असो आणि कितीही लांबून आलेलं असो, पालकांना हे पहिल्याच दिवशी सांगतो. खोलीत कोपऱ्यात एक निळी चटई आहे, खारी त्या चटईवर गेली की तिला कोणी हाक मारायची नाही, हात लावायचा नाही. मुलं हे फार पटकन शिकतात. परवा एक पाच वर्षांची मुलगी आईला ओठांवर बोट ठेवून सांगत होती, शूऽ, ती चटईवर आहे.

आठवड्यातून ३ दिवस, दिवसाला २ सेशन, प्रत्येकी २० ते २५ मिनिटं, याच्यापुढे नाही. मार्च ते मे फक्त सकाळी ८ ला, नंतर फरशीसुद्धा तापते. गणपतीत ढोल सुरू झाले की दहा दिवस सुट्टी, दिवाळीत फटाक्यांमुळे आठवडाभर.

जूनमध्ये खारीची परत तपासणी आहे, परत तो वॉकर, ते ताट, ती मिठी. हल्ली ती चटईवर आधीपेक्षा जरा जास्त वेळा जाते, नणंदेने तारखा लिहून ठेवल्यात, त्या आम्ही बाईंना दाखवणार आहोत. तिला पुरे झालं असेल तर ती घरी राहील. ब्रूनोला दुपारी तिच्याशिवाय करमत नाहीच.