सही

मंगळवार, रात्री साडेअकरा

आज सही केली नाही. दिवसभरात लिहून ठेवावं असं एवढंच घडलं, म्हणजे खरं तर घडलं नाही.

कागद साधाच होता, काल रात्री हात दुखावून घेतलेल्या एका मुलासाठीचा. अर्ध्या पानाचा छापील नमुना. वर नाव आणि वय भरायची जागा, मध्ये एकच वाक्य: ‘सदर मुलास एकट्याच्या खोलीत ठेवण्यास वैद्यकीयदृष्ट्या हरकत नाही.’ खाली डॉक्टरची सही, वेळ, शिक्का. माझ्या आधी बंदिस्त मुलामुलींच्या या निवासगृहात येणारे डॉक्टर ती सही करायचे. जुन्या फाइलीत असे बरेच कागद आहेत. कुणी वाईट हेतूने केलं असेल असं मला वाटत नाही. ओपीडी संपत आलेली असते, पुढच्या कामाची घाई असते, नमुना छापील असतो. सुरुवातीच्या काळात मीही दोनदा केली आहे. मुलगा तपासला, नाडी ठीक, बीपी ठीक, दम्याचा त्रास नाही, म्हणून केली. मी तब्येतीबद्दल सही करतेय अशी माझी समजूत होती. ती शिक्षेवरची सही होती.

अधीक्षक माणूस चांगले आहेत. आज म्हणाले, “मॅडम, तुम्ही फक्त तब्येत ठीक आहे एवढंच म्हणताय. निर्णय आमचा आहे.”

“मग माझी सही कशाला हवी?”

ते हसले. रागावले असते तर सोपं गेलं असतं.

बॅगेच्या मागच्या कप्प्यात एक पान असतं, घड्यांवर फाटत आलेलं. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 18 डिसेंबर 1982 रोजी मंजूर केलेली वैद्यकीय नीतितत्त्वं. बंदिवानांशी संबंधित डॉक्टर, नर्स आणि इतर आरोग्य कर्मचाऱ्यांसाठीची. त्यातलं चौथं तत्त्व म्हणतं की आरोग्याला अपाय होऊ शकेल अशा कोणत्याही वागणुकीसाठी किंवा शिक्षेसाठी एखादी व्यक्ती ‘फिट’ आहे असा दाखला देणं हा वैद्यकीय नीतीचा भंग आहे. देणं तर सोडाच, देण्यात सहभागी होणंसुद्धा. आणि 1990 चे हवाना नियम आहेत, तेही संयुक्त राष्ट्रांचेच, खास अठराच्या आतल्या बंदिस्त मुलांसाठी. त्यांच्या 67 व्या नियमात शिस्तीच्या नावाखाली जे करायला बंदी आहे त्या यादीत मारहाण, अंधारकोठडी आणि एकांतवास एकाच वाक्यात बसवलेत. ही दोन्ही कागदपत्रं मला एमबीबीएसला कुणी शिकवली नाहीत. इथे दोन सह्या करून झाल्यावर शोधून वाचली.

पान दाखवलं. अधीक्षकांनी चष्मा लावून पूर्ण वाचलं, परत दिलं. म्हणाले, “बरोबर आहे. पण रात्रपाळीला माझ्याकडे माणसं किती असतात माहीत आहे ना? त्याने अजून कुणाला मारलं तर?”

मला माहीत आहे. आणि याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. वेगळ्या कागदावर लिहून दिलं: उजव्या हाताला दुखापत, एक्स-रे लगेच हवा, तोवर हात उंच ठेवणे, बर्फाचा शेक, दर तासाला कुणीतरी जाऊन त्याच्याशी बोलून येणे, नुसतं झरोक्यातून बघणे नव्हे. ‘बोलून’ शब्दाखाली रेघ ओढली.

आता त्या हाताविषयी.

काल रात्री त्याने भिंतीवर ठोसे मारले. का, ते त्याने मला सांगितलं आणि ते मी इथे लिहिणार नाही. करंगळीच्या बुंध्याशी सूज, आणि मूठ वळली की तिथला गाठीसारखा उंचवटा दिसतच नाही, आत बसलेला. करंगळीकडे जाणाऱ्या तळहाताच्या हाडाची मान मोडली की असं दिसतं. भिंतीवर, दारावर, कपाटावर मूठ मारणाऱ्यांचं हे ठरलेलं फ्रॅक्चर. इथे मी ते इतक्यांदा पाहिलंय की मुलगा दारातून आत येताना हात कसा धरतो त्यावरूनच ओळखू येतं. मूठ सावकाश वळायला लावायची आणि करंगळी शेजारच्या बोटावर चढते का ते पाहायचं. चढली तर हाड पिळलंय, ते नुसत्या पट्टीने भागत नाही. याची किंचित चढत होती. मग सांध्यांवरची कातडी बघायची. भिंतीने खरचटतं, पण बारीकशी खोल जखम असेल तर ती दुसऱ्याच्या दाताची असू शकते, आणि माणसाच्या दाताची जखम सांध्यापर्यंत गेली तर एक-दोन दिवसांत हात सडवू शकते. म्हणून मी प्रत्येकाला विचारते, “भिंतच होती ना?” आणि हे विचारताना खोलीत तिसरं माणूस असेल तर उत्तर नेहमी “भिंतच” असं येतं.

त्यामुळे दार.

पहिल्या दिवसापासून माझं निम्मं भांडण त्या दाराशी आहे. नियमाप्रमाणे तपासताना गार्ड आत हवा. मी म्हटलं, बाहेर. मग ठरलं की दार सताड उघडं. मग अर्धं. आता असं आहे की दाराला काच बसवलीय, गार्ड पलीकडे उभा राहतो, त्याला दिसतं पण ऐकू जात नाही. हे मिळवायला आठ महिने लागले. मुलीला तपासायचं असेल तर सिस्टर आत असते, आणि तेही मुलीला विचारून. विचारलं की बहुतेकजणी आधी गोंधळतात. आपल्याला विचारलं जातंय हेच लवकर ध्यानात येत नाही.

नव्या मुलाला मी आधी सांगते की तू मला जे सांगशील ते माझ्याकडे राहील. तीन गोष्टी सोडून. तुझ्या जिवाला धोका असेल, तुझ्यामुळे दुसऱ्याच्या जिवाला असेल, किंवा तुला कुणी त्रास देत असेल, तर मला पुढे सांगावं लागेल, आणि सांगण्याआधी मी तुला कळवीन. हे आधीच बोलून टाकलेलं बरं. या मुलांना मोठ्यांनी दिलेली वचनं मोजून पाठ असतात. एकीने मला विचारलं होतं, “म्हणजे तुम्ही चुगली करणार, पण आधी सांगून?” हो. तसंच.

बाकी दिवस नेहमीसारखा. खरजेचे आणखी दोन निघाले, म्हणजे त्या खोलीतल्या सगळ्यांना एकाच रात्री पर्मेथ्रिनचं मलम, मानेपासून पायाच्या तळव्यापर्यंत, बोटांच्या बेचक्यांत, नखांखाली, रात्रभर ठेवून सकाळी आंघोळ, आणि सात दिवसांनी पुन्हा. एकाच्याही चादरी गरम पाण्यात धुवायच्या राहिल्या की सगळं परत पहिल्यापासून. औषधानंतरही दोन-तीन आठवडे खाज राहते हे कर्मचाऱ्यांना लिहून द्यावं लागतं, नाहीतर “डॉक्टरांच्या औषधाने काही झालं नाही” म्हणून मुलं रोज मलम फासत बसतात आणि कातडी आणखी चिडते.

लसीकरणाची कार्डं कुणाचीच पूर्ण नाहीत. घर, नातेवाईक, दुसरी संस्था, पुन्हा घर, रस्ता, आणि मग इथे. कार्ड कुठल्या टप्प्यावर हरवलं कोण सांगणार. पुरावा नसला की दिलीच नाही असं धरून पुन्हा सुरू करायचं. दातांचं तर विचारूच नका. सोळा वर्षांच्या मुलाच्या दाढा पाहून मला आधी त्याचं वय पुन्हा विचारावंसं वाटतं. दात दुखतोय म्हणून रात्रभर न झोपलेला मुलगा सकाळी वर्गात खुर्ची फेकतो, आणि नोंदवहीत फक्त खुर्ची लिहिली जाते.

हे लिहिताना मला तो कानवाला आठवतोच. माझ्या इथल्या पहिल्या वर्षातला. “ऐकत नाही” ही त्याच्याविरुद्धची तक्रार. सूचना दिल्या की दुर्लक्ष करतो, दोनदा सांगावं लागतं, उलट तोंड फिरवतो. माझ्यासमोरही तसाच बसला होता. मी केसपेपरवर लिहिलं: सहकार्य करत नाही. दीड महिना त्याला त्याची शिक्षा होत राहिली, आणि माझा शेरा त्या शिक्षेच्या बाजूने पुरावा म्हणून फाइलीत पडून होता. मग एका मंगळवारी त्याच्या उशीवर पू दिसला म्हणून सिस्टर त्याला घेऊन आली. कानांच्या दोन्ही पडद्यांना भोकं. लहानपणापासून कान वाहणारे. तोंड फिरवायचा तो उद्धटपणा नव्हता, जरा बरा कान आपल्याकडे करत होता.

त्याचं पुढे नीट झालं, ऑपरेशन झालं एका कानाचं. पण मी त्या शेऱ्याचं काय करू? केसपेपरवर खाडाखोड करता येत नाही. खाली तारीख घालून लिहिलं की वरील नोंद चुकीची होती. आता नवीन आलेल्या प्रत्येकाचे कान आणि डोळे मी वागणुकीचा अहवाल वाचण्याआधी तपासते. डोक्याला कधी मार लागून शुद्ध हरपली होती का, हेही विचारते. ‘हो’ म्हणणारे इतके निघतात की कधीकधी ‘नाही’ ऐकून मीच दचकते. कुणी पायऱ्यांवरून पडलेला, कुणी “पडलेला”.

दुपारी गोळ्यांची उजळणी. एडीएचडीची (लक्ष न टिकणं, अति चंचलपणा) गोळी गालात दाबून ठेवून नंतर दुसऱ्याला विकायची (इथे चलन म्हणजे फोनची मिनिटं आणि मिठाई) हा प्रकार आहेच. म्हणून गोळी घेतल्यावर तोंड उघडून दाखवायला लावतात. मला ते बघवत नाही, पण थांबवायला सांगण्याइतकी मी भोळीही नाही. दिवसातून एकदाच घ्यायचं लांब पल्ल्याचं औषध असलं की निदान हा सोहळा एकदाच होतो, तेवढं मी करू शकते.

त्याहून अवघड मागणी कर्मचाऱ्यांकडून येते. “मॅडम, रात्री जरा शांत राहील असं काहीतरी द्या ना.” हे मागणारा माणूस दुष्ट नसतो. चौदा तास उभा असतो. आणि असं औषध असतं, अगदी कमी डोसात झोप येते. फक्त ते मनोविकाराचं औषध आहे, वजन वाढवतं, रक्तातली साखर वाढवतं, आणि मुलाला तो विकार नाही. मग ते औषध कुणासाठी झालं? हवाना नियमांत हेही लिहून ठेवलंय: औषध शिक्षा म्हणून किंवा आवरून धरण्याचं साधन म्हणून देऊ नये. आज मी औषधाऐवजी विचारलं की रात्रीच्या फेरीला लोखंडी दार दर वेळी आपटायलाच हवं का, आणि कॉरिडॉरचा दिवा थेट उशीवर पडतो त्याचं काही करता येईल का. बिजागरीला रबर लावतो म्हणाले. बघू. मागच्या वेळीही म्हणाले होते.

एक पोटदुखीवाली आली. दर मंगळवारी येते. पोट मऊ, ताप नाही, पाळीचं नाही, लघवीची तपासणी स्वच्छ. कर्मचारी म्हणतात, नाटक. असेलही. बाहेर तुमच्या-माझ्या पोटात दुखलं तर आपण कामावर जात नाही, कुणीतरी विचारपूस करतं, पांघरूण देतं. इथे दिवसाचा प्रत्येक तास दुसऱ्याने ठरवलेला, आणि त्यातून दहा मिनिटं बाहेर पडायचा एकच हक्काचा रस्ता माझ्या खोलीतून जातो. मी दर वेळी पोट पूर्ण तपासते. हात आधी चोळून गरम करते. कधीतरी खरं अपेंडिक्स असेल हे एक कारण आहेच, पण आज ते कारण नव्हतं. ती जाताना म्हणाली, “पुढच्या मंगळवारी पण दुखणार आहे.” वेळ लिहून घेतली.

निघताना साडेसहा झाले. एकट्याच्या खोलीवरून गेले. दाराला खाली एक झडप आहे, ताट सरकवायची. मी उकिडवी बसले, गुडघे कुरकुरले, आतून तो हसला. मग म्हणाला, “सही केली?”

“नाही.”

“मग मी बाहेर येणार?”

“ते मला ठरवता येत नाही.”

बराच वेळ काही बोलला नाही. मग झडपेतून हात बाहेर काढला, उजवा, पट्टी बांधलेला. बोटांची टोकं दाबून पाहिली, रंग परत येत होता. गरम होती. “उंच ठेवलायस का?” विचारलं. “कशावर ठेवू?” म्हणाला. खोलीत उशी एकच, ती डोक्याला. गार्डकडे दुसरी मागितली. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि आणून दिली, नोंदवहीत न लिहिता.

उद्या एक्स-रे. नेताना बेड्या घालणार असतील तर उजव्या मनगटाला नको, हे आधी फोन करून सांगायचं, तोंडी नाही, लेखी पाठवायचं. पर्मेथ्रिनच्या ट्यूब मोजायच्या. अधीक्षकांना पुन्हा भेटायचं, रात्रपाळीच्या माणसांचं त्यांनी विचारलं होतं. आणि जुन्या फाइलीतले माझे ते दोन कागद शोधायचे.