दहा बाय आठ

लेकीचं नाव मी इथं कधी लिहीत नाही, तिचा चेहरा दिसेल असा फोटोही टाकत नाही. जुन्या वाचकांना हे ठाऊक आहे. पाठमोरी लेक, लेकीचे बूट, लेकीची छत्री, एवढ्यावरच तुम्ही आजवर भागवलंत. पण गेल्या मे महिन्यात तुमच्यापैकी कुणी बेळगावच्या वडगावात आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरनं गेलं असेल, तर त्याला तिचं नाव, आडनाव, वय आणि पुढच्या दोन दातांमधली फट, सगळं एकदमच मिळालेलं आहे. दहा बाय आठ फुटांत.

फ्लेक्स माझ्या भावानं लावला होता.

त्याआधीचं सांगायला हवं, नाहीतर मी उगीचच फुगून बसले होते असं वाटेल.

आम्ही राहतो त्या जर्मनीतल्या गीसेनमध्ये ११ नोव्हेंबरच्या आसपास बालवाडीची पोरं कागदी कंदील घेऊन मिरवणूक काढतात. संत मार्टिनचा सण. पुढं लाल झगा घातलेला घोडेस्वार, मागं पोरं, पोरांच्या मागं थंडीनं नाकं लाल झालेले आईबाप. त्या दिवसांत पाचच्या आधीच सूर्य मावळतो. हातात कॅमेरा असलेल्याला ही मेजवानीच. खालून चेहऱ्यावर येणारा पिवळा उजेड आणि मागं निळसर काळोख. मी माझी स्वस्तातली ५० एमएम, एफ १.८ लेन्स लावली, आयएसओ ३२०० केला, शटर १/१२५ पर्यंत खाली आणला आणि ओल्या पानांत गुडघे टेकून अडीचशे फोटो काढले. रात्री जागून त्यातले चौदा निवडले, रंग ठीक केले आणि पालकांच्या ग्रुपवर टाकले. बेळगावची माणसं आपण. मला वाटलं, सकाळी बालवाडीच्या दारात लोक थांबवून कौतुक करतील.

सकाळी बाईंनीच थांबवलं. बाजूला घेऊन, आवाज खाली आणून म्हणाल्या, फोटो सुंदर आहेत, पण काढून टाकाल का? दोन मुलांच्या घरून परवानगी नाही. आणि ज्यांनी उतरवून घेतले असतील त्यांनाही पुसायला सांगा. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मला भांडता आलं असतं. त्या इतक्या मऊ बोलल्या की मी "हो हो" म्हणत ग्रुपवर माफीचं चार ओळींचं जर्मन लिहिलं. त्यात दोन व्याकरणाच्या चुका झाल्या, त्या आजही आठवतात.

गंमत म्हणजे तो परवानगीचा कागद मीच पहिल्या आठवड्यात सही करून दिला होता. दोन पानं, चौकोनच चौकोन. मुलाचा फोटो त्याच्या वहीत चालेल काय, भिंतीवर चालेल काय, वर्तमानपत्रात, वेबसाइटवर. मी वाचला नव्हता. सरकारी कागद आपल्या भाषेत नसतो आणि तरी सही करायची असते, ह्याची आम्हा सीमाभागातल्यांना लहानपणापासून सवय. आप्पा शेताचा कन्नड उतारा जसा उजेडात धरून नुसता शिक्का बघायचे, तसा मीही शिक्का बघितला आणि सही केली.

मग मात्र लाजेपायी सगळं वाचून काढलं. जर्मनीत कुणाचाही फोटो पसरवायचा किंवा चारचौघांत मांडायचा तर त्या माणसाची संमती लागते, मूल असेल तर आईबापांची. कायदा १९०७ सालचा. त्याच्यामागं जर्मनीचे पहिले चान्सलर बिस्मार्क आहेत. ते १८९८ च्या जुलैअखेर वारले, त्या रात्री दोन फोटोग्राफर खोलीत शिरले आणि मृतदेहाचा फोटो काढून विकायला निघाले. घरच्यांनी कोर्टात ओढलं, देशभर बोंब झाली, आणि पुढं हा कायदा आला. आमच्यापासून जवळच वेट्झलार आहे. तिथं ऑस्कर बार्नाक ह्या दम्याच्या माणसाला जड पेटीकॅमेरा उचलवेना म्हणून त्यानं १९१४ च्या सुमाराला खिशात मावेल असा कॅमेरा बनवला. तोच पुढं १९२५ मध्ये लायका म्हणून बाजारात आला. म्हणजे ह्या लोकांकडं कायदा आधी झाला आणि खिशातला कॅमेरा नंतर आला. आमच्याकडं आधी फ्लेक्स.

हे बिस्मार्कपुराण मी नंतर किती जणांना ऐकवलं असेल त्याला हिशेब नाही. नवीन माळ घातलेला माणूस दुसऱ्याच्या ताटात डोकावतो तसं माझं झालं. कुटुंबाच्या ग्रुपवर फर्मान काढलं: लेकीचा फोटो स्टेटसला ठेवायचा नाही, पुढं पाठवायचा नाही. आई म्हणाली, "बरं." भावानं अंगठा दाखवला. तासाभरात दोन्ही आत्त्यांच्या स्टेटसला लेक झळकत होती, एकीकडं गुलाबाच्या चौकटीत.

असं सगळं नीतिशास्त्र पाठीवर घेऊन मी मे महिन्यात बेळगावजवळच्या सांबऱ्याच्या विमानतळावर उतरले.

पहिला आठवडा फोटोच जमेनात. तिकडं मे महिन्यात रात्री नऊपर्यंत उजेड असतो. सूर्य तिरका तिरका उतरतो, त्यामुळं तो मऊ सोनेरी प्रकाश तासनतास पुरतो आणि माणूस स्वतःला मोठा फोटोग्राफर समजायला लागतो. बेळगावात सूर्य सरळ खाली पडतो. सोनेरी म्हणेपर्यंत संपतो. आणि मेच्या पहिल्या आठवड्यात तर भर दुपारी तो बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली गडप, डोळ्यांच्या जागी काळी भोकं. लेक परड्यात धावतेय आणि मी १/५०० वर तिला पकडतेय, तर प्रत्येक फोटोत कपाळ पांढरंफटक. शेवटी सकाळी सातला उठून किल्ला तलावावर जायला लागले. माझं कौशल्य अर्धं त्या तिकडच्या उजेडाचं होतं, हे मान्य करायला मला तीन दिवस लागले.

गणपत गल्लीत एक बाई करवंदं घेऊन बसली होती. शेजारी तिची नात, लेकीएवढीच, जांभळ्या ओठांची. मी आधी कॅमेरा खाली धरला, वाकले आणि विचारलं, "पोरीचा फोटो काढू काय?"

बाईनं मला खालून वरपर्यंत बघितलं. "कशाला? पेपरात घालणार काय?"

"नाही हो, असाच."

"असाच कसा? काय झालंय?"

विचारल्यामुळंच तिला संशय आला. न विचारता काढला असता तर ती हसली असती आणि पोरीचं नाक पुसून "आता काढ" म्हणाली असती. मी अर्धा किलो करवंदं घेतली आणि निघाले. वाटेत लेक विचारत होती, आपण चोर होतो काय.

उलट शिवजयंतीच्या चित्ररथांना बघा. आमच्याकडं शिवजयंती तिथीनं, वैशाखात, आणि चित्ररथांची मिरवणूक रात्रभर. मी रामलिंगखिंड गल्लीच्या तोंडाला उभी, गळ्यात कॅमेरा. दर पाच मिनिटांनी कुणीतरी दाढी चिकटवलेला छोटा मावळा माझ्यासमोर उचलून धरत होतं. "ओ अक्का, ह्याचा एक काढा की!" काढायचा, पडद्यावर दाखवायचा, बाप खूश. "नंबर द्या, पाठवते" म्हटलं की "राहू दे की, तुमच्याकडंच असू दे." निम्म्या बेळगावची पोरं आता माझ्या हार्ड डिस्कवर आहेत, आणि त्यांच्या आईबापांना ती नकोत. गीसेनच्या बालवाडीतल्या बाईंना हे कसं समजावणार? मी प्रयत्न केला नाही.

आणि वाढदिवसाच्या सकाळी दूध आणायला गेले तर कोपऱ्यावर लेक.

वर कन्नडमध्ये एक ओळ, कटकट नको म्हणून. खाली ठसठशीत मराठीत "आमची लाडकी भाची". लेकीच्या डोक्यावर सोन्याचा मुकुट. खालच्या पट्टीत मामाच्या मंडळाची अकरा पोरं, निम्मी गॉगलमध्ये, दोघांचा फोन कानाला. मागं आयफेल टॉवर.

मी भावाला उठवून विचारलं, "आयफेल टॉवर कुठनं आला?"

"फॉरेन कळायला नको काय लोकांना?"

"अरे तो पॅरिसमध्ये आहे."

"मग तुमच्याकडचं काय असतंय, सांग. टाकलं असतं."

लगेच काही सुचेना. लान नदी सांगणार होते, पण नदी मागं दिसून कुणाला फॉरेन वाटणार.

परवानगीवर मी भाषण सुरू केलं, बिस्मार्कपर्यंत पोचलेही, पण खरं सांगते, राग आला तो निराळ्याच गोष्टीचा. फोटो माझा होता. ऑक्टोबरात लानच्या काठावर काढलेला, एफ २ वर, मागची पिवळी पानं लोण्यासारखी विरघळलेली, लेकीच्या केसांवर पाठीमागून ऊन. त्या केसांच्या चमकत्या कडेसाठी मी चाळीस मिनिटं थंडीत बसले होते. फ्लेक्सवाल्यानं ती कड कात्रीनं कापावी तशी कापली होती. पिवळी पानं गेली, ऊन गेलं, केस टोपीसारखे दिसत होते. कायदा मोडला ह्याचं दुःख एकीकडं आणि कटिंग खराब केलं ह्याचं दुसरीकडं, आणि दुसरं जड भरलं. भावानं ओळखलंच. म्हणाला, "फोटो चांगला आला म्हणून तर लावला की. तू काढलायस असं सगळ्यांना सांगितलंय."

नवरा निपाणीचा. तो चहा पीत एवढंच म्हणाला, "आमचा कधी कुणी लावला नाही."

दिवसभरात काय झालं बघा. किराणा दुकानदारानं लेकीला चॉकलेट दिलं, "फ्लेक्सवरची काय गं तू?" इस्त्रीवाल्यानं हाक मारली. ज्या घरात मी दहावीनंतर पाऊल टाकलं नव्हतं तिथल्या वहिनी बासुंदीची वाटी घेऊन आल्या. गीसेनला समोरच्या दारातल्या आजींना लेकीचं नाव तीन वर्षांत मीही सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. पण लेक तापानं फणफणली होती तेव्हा त्याच आजींनी दाराला सूप अडकवून ठेवलं होतं, चिठ्ठीवर नाव न लिहिता. तेव्हा उगीच "तिकडं माणुसकी नाही" वगैरे कुणी म्हणू नका, मला ते चालत नाही.

संध्याकाळी आईनं लेकीला पाटावर बसवलं. मीठ, मोहऱ्या, मिरच्या. "एवढ्या गावानं बघितलंय पोरीला." मोहऱ्या तडतडल्या, तेव्हा मला लेक झाली तेव्हाचा फोन आठवला. आई म्हणाली होती, झोपलेल्या बाळाचा फोटो काढू नये आणि बारशापर्यंत कुणाला दाखवू नये. मी तेव्हा हसले होते. अंधश्रद्धा म्हणून तिला दोन लेखही पाठवले होते. तेच बालवाडीनं चौकोन छापून सांगितलं तर निमूट सही केली आणि जगाला शिकवत सुटले. आईला हे मी बोलून दाखवलं नाही. ती म्हणाली असती, "मग की!"

लेक आता आजीचं ऐकून "मी आलो, मी जेवलो" म्हणायला लागली आहे. आमच्याकडं बायका असंच बोलतात. मीही बोलायचे, पुण्यात कॉलेजला चेष्टा झाली म्हणून सोडलं. ती मामाला म्हणाली, "मला विचारलं नाहीस." तिकडं वहीत फोटो चिकटवतानाही पोरांना विचारतात, त्याची सवय.

मामा उकिडवा बसला. "चुकलं बाई. आता विचारतोय. ठेवू की काढू?"

लेकीनं विचार केला. "ठेव. मुकुट काढ."

मुकुट काही निघाला नाही. पण फ्लेक्स पाच दिवस राहिला, आणि मी त्याचे किती फोटो काढले ते सांगणार नाही.

आम्ही गीसेनला परत आलो आणि जूनमध्ये बेळगावात पाऊस लागला. परवा भावानं मोबाइलवर काढलेला एक फोटो पाठवला. परड्यात लाकडांच्या ढिगावर तोच फ्लेक्स अंथरलाय, चार कोपऱ्यांवर चार दगड. आयफेल टॉवर दुमडीत गेलाय, अकरापैकी सात मामा दिसतात. ढगाळ उजेड, सावली कुठंच नाही, चेहरा छान उठलाय. केसांच्या त्या कापलेल्या कडेवर पाणी साठलंय, त्यामुळं ती आता दिसत नाही.

आईला फोन केला. छापलेली बाजू आत घातली की फ्लेक्स जास्त टिकतो, हे तिनंच मला शिकवलंय. दरवर्षी कुठल्यातरी पुढाऱ्याला ती तोंड खाली करूनच अंथरते.

"ह्यावेळी उलटा का घातलास गं?"

"पोरीचं तोंड लाकडावर कसं घालू?" आई म्हणाली, आणि मग जेवलीस काय, पोरीला ताप नाही ना, एवढंच विचारत राहिली.