पाचवी मॅच

रविवारी बॅडमिंटनच्या स्पर्धेत आम्ही हरलो. आम्ही म्हणजे बेळगावच्या टिळकवाडीत रोज सकाळी सहाला शटल बडवणारी पन्नाशीपलीकडची मंडळी. गटात खानापूरची एक टीम, निपाणीची एक. नियम थॉमस कपचेच, म्हणजे पुरुषांच्या जागतिक सांघिक स्पर्धेचेच घेतलेले: तीन सिंगल्स, दोन डबल्स, आणि निकाल आधीच लागला तरी पाचही मॅचेस खेळायच्या. थॉमस कपात बाद फेरीत तीन जिंकल्या की आवरतं घेतात. गटात मात्र ती सवलत नाही.

पाचवी मॅच माझी. तिसरा सिंगल्स म्हणजे टीममधला कच्चा लिंबू, हे कुणी तोंडावर म्हणत नाही इतकंच.

खानापूरला आम्ही ३-२ नं हरवलं होतं. निपाणीशी १-३ झालं आणि आमची माणसं बॅगा भरू लागली. डबल्समधला आमचा कन्नड दोस्त माझ्याच स्कूटरवरून आलेला. तो दारात उभा राहून माझी किल्ली बोटावर गरगर फिरवत होता. "होग्ली बिड्री काका, जाऊ दे हो, भजी गार होतील." मग मीही दिसेल ते शटल हाणत सुटलो. अर्धी नेटमध्ये, उरलेली बाहेर. पाठीमागची रेघ कुठे आहे हेसुद्धा बघितलं नाही. हरलो, घाम पुसला, चहाला गेलो.

तोवर खानापूरनं निपाणीला ३-२ नं हरवलं. म्हणजे तिघांचाही एकेक विजय. अशा वेळी मॅचेस मोजतात. निपाणीच्या सहा, खानापूरच्या पाच, आमच्या चार. दोन टीम पुढे, आम्ही घरी. भजीच्या तेलकट कागदावर कॅप्टननं दुसरी बेरीज मांडली: मी जिंकलो असतो तर तिघांच्याही बरोब्बर पाच-पाच झाल्या असत्या आणि गेम मोजायची पाळी आली असती. कुणी काही बोललं नाही. भजी खरंच गार झाली होती.

रात्री झोप येईना म्हणून २०२२ च्या थॉमस कपातली बँकॉकची मॅच शोधून काढली. ११ मे, भारत विरुद्ध चायनीज तैपेई, म्हणजे तैवान. जर्मनी आणि कॅनडाला आपण ५-० नं धुतलं होतं, त्यामुळे बाद फेरीत जाणार हे पक्कं. प्रश्न गटात पहिलं कोण एवढाच. आपला लक्ष्य सेन त्यांच्या चौ टिएन-चेनशी हरला. डबल्सला सात्विक-चिरागपुढे टोकियो ऑलिंपिकचे सुवर्णपदकवाले ली यांग आणि वांग ची-लिन, तीही गेली. श्रीकांतनं एक सिंगल्स काढली. दुसरी डबल्सही गेली. १-३. त्या दिवशी इथे वळीव कोसळत होता, मी मोबाइल ठेवला आणि खिडक्या लावायला उठलो, तो परत बसलोच नाही. पाचवी मॅच चार वर्षं मी बघितलीच नव्हती, म्हणजे मीही त्या भजीवाल्यांतलाच की.

परवा बघितली. आपला प्रणॉय आणि त्यांचा लू चिया-हुंग. लढत आधीच हरलेली, गटातला पहिला नंबर गेलेला, आणि हा माणूस एकेका रॅलीला मागच्या कोपऱ्यापर्यंत धावतोय. घाई नाही. पहिला गेम घेतला, दुसरा घालवला, तिसरा काढला. कागदावर १-३ चं २-३ झालं, बाकी काही बदललं नाही. दुसऱ्या नंबरामुळे मलेशिया समोर आली.

आणि तिथे २-२ झालं. पाचवी प्रणॉयची. जिंकला. डेन्मार्कशी परत २-२, परत तोच. घोटा मुरगळला होता, पहिला गेम गेला होता, तरी त्यांच्या गेमकेला पुढचे दोन गेम नीट खेळू दिले नाहीत. फायनलला तर त्याची गरजच पडली नाही. इंडोनेशियाला ३-० नं हरवून १५ मेला आपण पहिल्यांदाच कप आणला. सगळे फोटो लक्ष्य, सात्विक-चिराग आणि श्रीकांतच्या विजयाचे. मला मात्र ती तैपेईची बिनकामाची मॅच परत लावावीशी वाटली. लावलीही, शेवटचे दहा पॉइंट.

आज सकाळी कॅप्टन पुढच्या महिन्याची यादी करत होता. माझ्याकडे न बघताच विचारलं, "तुम्ही पाचवीच ना?"

"होय की," म्हटलं. आणि कन्नड दोस्ताला सांगून टाकलं, बाबा, तू तुझी गाडी घेऊन ये. किल्ली माझ्या बॅगेत राहील.