टेकणं

गेल्या पावसाळ्यात सासूबाई ओट्यावरून घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं. अमळनेरजवळच्या आमच्या गावात जन्मभर कापूस वेचलेली बाई. आता न्हाणीपर्यंत जायलाही माझा खांदा लागतो. पहिल्या दिवशी पुटपुटल्या, “आते मन्हा भार तुन्हावर, माय.” बोंडांनी ओरखडलेली त्यांची बोटं माझ्या खांद्यावर थरथरत होती.

‘आश्रय’ शब्दातल्या ‘श्रि’ धातूचा अर्थच टेकणं. तमिळ श्रीवैष्णवांमध्ये शरणागतीवरून दोन पंथ झाले. वडकलै म्हणतात, माकडाच्या पिलासारखं आपणही आईला घट्ट धरावं. तेंगलै म्हणतात, मांजराचं पिलू काही धरत नाही, आईच मानेला धरून नेते. मला माकडाचंच पटायचं. गीतेच्या सहाव्या अध्यायातलं ‘उद्धरेदात्मनात्मानम्’, म्हणजे आपणच आपल्याला वर काढावं, हे मी मुलांना पाठ करायला लावलं होतं. पण नवव्या अध्यायात देव म्हणतो, ‘योगक्षेमं वहाम्यहम्’. वाहतो म्हणजे ओझंच की! आणि ते तो आपण होऊन घेतो. मग भार होण्यात लाज कसली?

हे त्यांना सांगितलं नाही. फक्त रोज खाटेजवळ बसते, त्या हात टाकतात, आम्ही उठतो. काल कळण्याची भाकरी मी थापली. पिठात मीठ किती, ते त्यांनीच सांगितलं.