शनिवारचा हिशेब : आमची वाटचाल

आमच्या पहिल्या खोक्यांवर एक ओळ छापलेली असायची : 'या जोडाच्या नफ्यातले ५ टक्के एका शाळेला.' गिऱ्हाईक खोकं हातात घेतलं की आधी ती ओळ वाचायचं आणि मग चपला पायात घालून बघायचं. त्या ओळीमुळे आमचा माल खपायचा, हे मान्य करायलाच हवं. पुढे ती आम्ही काढून टाकली. का काढली, हे अजूनही जुनी गिऱ्हाइकं विचारतात, म्हणून हे लिहिते आहे.

धंदा आम्ही दोघी जावांनी २०१२ साली सुरू केला. माझं माहेर कोल्हापूरचं. पुण्यात आल्यावर दर सुट्टीत कुणी ना कुणी सांगायचं, येताना एक जोड आण. कोल्हापुरातल्या चपलांच्या बाजारातून, म्हणजे चप्पल लाईनमधून, आणता आणता ओळखी झाल्या, आणि मग थेट सुभाषनगरमध्ये, जिथे चपला बनतात त्या घरांत जायला लागलो. पहिल्या खेपेला ३० जोड आणले. घरातल्या दिवाणावर मांडले आणि सोसायटीतल्या बायकांना बोलावलं. संध्याकाळपर्यंत चार जोड उरले होते.

अस्सल कोल्हापुरीत खिळा नसतो. म्हशीच्या जाड कातड्याचा तळ, वर पट्टा, बाजूला कान, अंगठा, आणि सगळी शिवण कातड्याच्याच वादीने. कातडं कमावायला बाभळीची साल आणि हिरडा लागतो, म्हणून नव्या जोडाला तो तुरट वास असतो. पुरुष रापीने तळ कापतात, आरीने भोकं पाडतात. पट्ट्यावरची कातड्याची वेणी बहुतेक घरांत बायका घालतात. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा एक मावशी उंबऱ्याशी बसून, पायाच्या अंगठ्यात वादीचं टोक धरून वेणी घालत होत्या. नजर चुलीवरच्या भाताकडे, आणि बोटं आपली चाललेली.

२०१६ च्या उन्हाळ्यात शाळेला धनादेश दिला. त्याचा छान फोटो काढला आणि कारागिरांनाही दाखवावा म्हणून कौतुकाने सुभाषनगरला घेऊन गेले. ज्यांना आम्ही मामा म्हणतो, त्यांनी फोटो नीट बघितला. म्हणाले, "पोरांच्या शाळेला दिलासा, लई बरं केलासा ताई. आमचं फाल्गुनातलं बिल कवा देतासा, तेवढं सांगा की."

आवाजात जरासुद्धा राग नव्हता. मी घरी येऊन वही उघडली. मामांचे ७३ दिवसांचे पैसे थकले होते. तेवढ्या दिवसांत त्यांनी कातडं उधारीवर उचललं होतं, त्यावर व्याज भरलं होतं. म्हणजे शाळेच्या देणगीतला काही भाग आमच्या नफ्यातून नव्हे, मामांच्या व्याजातून गेला होता. मला त्या रात्री झोप लागली नाही. आम्ही कुणाला फसवलं नव्हतं, या धंद्यात सगळे असंच करतात, हे मनाशी घोकून पाहिलं. त्याने काही फरक पडला नाही.

पैसे थकायचं कारण सरळ होतं. आम्ही दोन-तीन मोठ्या दुकानांना माल देत होतो आणि ती दुकानं तीन-तीन महिने पैसे देत नव्हती. वरचा थकवतो म्हणून आम्ही खालच्याला थकवत होतो. कायदा तेव्हाही होता. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यात ४५ दिवसांच्या आत पैसे चुकते करायचं बंधन आहे, उशीर झाला तर व्याजही द्यावं लागतं. पण ज्याला पुढच्या हंगामात पुन्हा ऑर्डर हवी आहे, तो व्याज मागेल कसा? आम्ही नाही मागितलं, मामांनीही नाही मागितलं. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकरात नवा नियम आला : अशा लहान उत्पादकाचे पैसे मुदत उलटून वर्षअखेरही थकलेलेच राहिले, तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही. त्यानंतर काही दुकानदारांचे फोन आपणहून यायला लागले. कारागिरांची उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारी नोंद, करून देण्याचं काम आम्ही अंगावर घेतलं, कारण कागदावर नाव नसेल तर या नियमांचा त्यांना उपयोग शून्य.

पण त्याआधीच, २०१६ च्या दिवाळीपासून, आम्ही उधारीवर माल देणं बंद केलं होतं. विक्री जवळजवळ निम्म्यावर आली. जाऊबाईंनी पाटल्या गहाण ठेवल्या, मी शिकवण्या सुरू केल्या. आणि शनिवारी हिशेब, हा नियम केला. आठवड्यात जेवढे जोड आले, त्यांचे पैसे त्याच शनिवारी. जोड विकला गेला की नाही, याचा त्याच्याशी संबंध नाही. ही कल्पना काही आमच्या डोक्यातून निघालेली नाही. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला. तिथे पापड लाटणारी भगिनी स्वतःच संस्थेची भागीदार असते, आणि तयार पापड परत देताना तिला लाटणावळ मिळते. माझी एक आत्या तिथे पापड लाटायची. तिच्या तोंडून हे लहानपणापासून ऐकलं होतं, पण स्वतःच्या वहीशी ते कधी ताडून पाहिलं नव्हतं.

दुसरी गोष्ट वेणीची. वेणीचे पैसे जोडाच्या भावातच धरलेले असायचे आणि ते घरातल्या पुरुषाच्या हातात जायचे. आता वेणीचा दर वेगळा लिहिला जातो आणि वेणी घालणारीच्या खात्यात जमा होतो. यावरून दोन घरांत कुरबुर झाली, एका कारागिराने आमचं काम सोडलं. वाईट वाटलं, पण नियम बदलला नाही. उंबऱ्याशी बसणाऱ्या मावशींनी पहिल्या चार महिन्यांच्या पैशांतून घरात गॅसची शेगडी घेतली.

हे सगळं केल्यावर जोडाची किंमत वाढली, ते टाळता येण्यासारखं नव्हतं. ३०० रुपयांत रेक्झिनची 'कोल्हापुरी' रस्त्यावर मिळते. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरलेल्या भागात बनलेल्या मालालाच ते नाव लावता येईल असं संरक्षण, मिळालं, महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. तरी नक्कल थांबलेली नाही. गिऱ्हाइकाला आम्ही सांगतो : पावसात घालू नका, अधूनमधून तेल लावा, आणि एक जोड चांगला असेल तर दुसरा घेऊ नका. तळ झिजला तर आमच्याकडे पाठवा, बदलून देतो. सांगलीच्या एका काकूंचा जोड अकरा वर्षांत तीनदा येऊन गेला. वरचा पट्टा अजून पहिलाच आहे, काळाभोर आणि मऊ.

२०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या एका फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या आणि देशभर गदारोळ झाला. पंधरा दिवस आमचा फोन वाजायचा थांबेना. लोक अभिमानाने विचारायचे, अस्सल आहे ना, कोल्हापूरचाच आहे ना? त्यातल्या एका मुलीने मात्र विचारलं, "बनवणाऱ्याला किती मिळतात, आणि कधी मिळतात?" तेरा वर्षांत 'कधी' हा शब्द गिऱ्हाइकाच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. तिला वहीच्या त्या आठवड्याच्या पानाचा फोटो पाठवला, नावं झाकून. तेव्हापासून मागेल त्याला पाठवतो.

मोठ्या कंपन्यांना कायद्याने नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. आमचा व्यवहार तेवढ्या मोठ्या कंपन्यांच्या आसपासही नाही. शाळेला आम्ही अजूनही देतो, पण ती रक्कम मार्चअखेर, सगळ्यांचे हिशेब चुकते झाल्यावर ठरते, आणि खोक्यावर छापत नाही. एक वर्ष फक्त १,८०० रुपये देता आले. मुख्याध्यापकबाईंना ते का, हे समक्ष जाऊन सांगितलं.

कातड्याचं कोडं मात्र सुटलेलं नाही. आमचं बरंचसं कमावलेलं कातडं तमिळनाडूतून येतं, दोन व्यापाऱ्यांच्या हातून. तिथे कातडं कमावायच्या हौदात उतरणाऱ्या माणसाला काय मिळतं, कधी मिळतं, त्याच्या हातात मोजे असतात का, हे आमच्या वहीत कुठेच नाही. त्या मुलीने तेही विचारलं असतं, तर मला गप्प बसावं लागलं असतं. येत्या जानेवारीत मी, जाऊबाई आणि मामा असे तिघं तिकडे जाऊन येणार आहोत. मामांनी अटीवर होकार दिलाय : जायचं ते शनिवारचा हिशेब झाल्यावर, रात्रीच्या गाडीने.