लेप दिलेल्या कापडाचा पुनर्वापर

जुन्या ताडपत्रीची फाटलेली कड निरखून पाहिली, तर पीव्हीसीच्या दोन थरांमध्ये पॉलिएस्टरची वीण अडकलेली दिसते, आणि पुनर्वापराची खरी अडचण तिथेच आहे. पॉलिएस्टर सुमारे २६० अंश सेल्सिअसला वितळते. पण त्याच्या बऱ्याच आधी पीव्हीसीचे विघटन सुरू होऊन हायड्रोजन क्लोराइड वायू बाहेर पडतो, त्यामुळे दोन्ही एकत्र वितळवण्याचा मार्गच खुंटतो. द्रावकात पीव्हीसी विरघळवून धागे वेगळे काढता येतात, मात्र तो द्रावक परत मिळवण्याचा खर्च जड जातो. (लेप घट्ट बसवायचा आणि नंतर तोच सुटत नाही म्हणून कुरकुरायचे!) म्हणून कापड आणि लेप एकाच कुळातल्या प्लास्टिकचे ठेवणे, उदाहरणार्थ पॉलिप्रॉपिलीनच्या कापडावर पॉलिओलेफिनचाच (म्हणजे पॉलिप्रॉपिलीन ज्या कुळात मोडते त्या प्लास्टिकचाच) थर देणे, मला अधिक शहाणपणाचे वाटते, अर्थात त्यात रंग आणि ज्वालारोधक रसायने मिसळलेली असतील, तर मिळणारा माल बहुधा कमी प्रतीचाच निघतो.